दाराला लागलेल्या मुंग्या
परवा नातीनं पतंग चिकटवायला कणकेची खळ शिजवली आणि त्या वासानं माझं डोकं उठलं. जुनी गोष्ट आठवली: माझ्या लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं, चाकणला अजून एकही कंपनी आली नव्हती. सासऱ्यांनी घर गहाण टाकलेलं, कोर्टाचा हुकूमही झालेला, पण लिलावाची नोटीस लागली की मुदतीत पैसे भरून घर सोडवता येणार होतं. त्यासाठी भोसरीचा माझा भाऊ बैलजोडी विकायला तयार होता. आम्ही दोन दिवस आळंदीला लग्नाला गेलो आणि परतलो तर दारावर मुंग्यांची रांग, फळी चिकट. शेजारी राहणारे चुलत सासरे ओट्यावर दात कोरत बसलेले. सासूबाईंनी विचारलं, "भावजी, दाराला काय लागलंय?" "पोरांनी गूळ फासला असंल," ते म्हणाले. मीच ओल्या फडक्यानं दार पुसून काढलं. महिन्यानं लिलाव झाला आणि घर त्या चुलत सासऱ्यांनीच घेतलं. कोर्टातल्या कारकुनानं कागद दाखवला: नोटीस दाराला डकवली, दवंडी पिटली, खाली पंच म्हणून त्यांचीच सही. बेलिफाची पाठ वळताच त्यांनी खळीनं डकवलेली ती ओली नोटीस सोलून काढली होती. डकवली एवढं कायद्याला पुरतं, टिकली का हे तो विचारत नाही. चुलत सासरे वारले तेव्हा त्यांच्या मुलानं तेराव्याचं कार्ड पाठवलं. मी गेले नाही. पुढे बाजारात भेटल्यावर म्हणाला, "वहिनी, वाट बघितली तुमची." "कार्ड मिळालंच नाही," मी म्हटलं, "दाराला लावलं होतंस का?"