बर्फ कुठपर्यंत उतरेल

रियाधमध्ये बसून मी बर्फाचे अंदाज सांगायचो, असं पुण्यात कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, वाळवंटात बर्फ? हो बाबा, वाळवंटात बर्फ. तबूकच्या पलीकडे लौझ नावाचा उंच डोंगर आहे आणि एखाद्या हिवाळ्यात त्याचा माथा पांढरा होतो. तेवढ्यासाठी रियाधमधली हौशी माणसं युरोपातून आणलेल्या, बर्फावर घसरायच्या स्की-पट्ट्या गाडीच्या टपावर बांधून दिवसभर गाडी हाकत तिकडे जायची. उतार लहान, बर्फ पातळ, खाली दगड. पण हौसेला मोल नसतं. पोचेपर्यंत बर्फ वितळला तर शिव्या मात्र मला.

मी रियाधच्या ओलाया भागातल्या एका खासगी हवामान कंपनीत होतो. वर्षभर धूळ आणि वारा. क्रेनवाल्यांना वारा सांगायचा, रस्तेवाल्यांना धूळ. हिवाळ्यात या स्कीवाल्यांच्या मंडळासाठी दर बुधवारी एक पत्रक काढायचं: लौझवर बर्फ पडेल का, किती पडेल आणि किती उंचीपर्यंत खाली उतरेल. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर होता. पत्रक हातात पडलं तरी त्याचा मला फोन यायचाच. "ते कागदावरचं राहू दे, तू जाशील का ते सांग." मी कसला जातोय! मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता. फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ खरवडताना बायको मला हाक मारायची, "अहो, या इकडे, तुमचं ऑफिस घरी आलंय."

ते सौदीकरणाचे दिवस होते. कंपनीत सौदी माणसं किती, यावरून सरकार प्रत्येक कंपनीला रंग द्यायचं. हिरवा असला की निर्धास्त, पिवळा असला की परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, अडकायला लागायचे, लाल म्हणजे खलास. आम्ही पिवळ्यात होतो. थंडी पडायला लागली तेव्हा आमच्या लेबनानी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, आणि तो चहा बघूनच मी काय ते ओळखलं. एक सौदी मुलगा येणार होता. त्याला मी तयार करायचं. ज्या दिवशी तो एकट्याने बर्फाचं पत्रक काढेल आणि ते खरं ठरेल, त्या दिवशी माझी जागा त्याची.

"माझी मुलगी दहावीला आहे," मी म्हटलं. "मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे."

माझा इकामा गेला की तिचाही जाणार होता, आणि इकामा नसलेल्या मुलीला शाळा परीक्षेला बसू देत नव्हती. मधेच भारतात आणावं तर दहावीला आयत्या वेळी कुठलं बोर्ड घेणार? वर्ष पाण्यात. मॅनेजरला हे सगळं कळत होतं, त्यालाही दोन मुली होत्या. तो म्हणाला, "तो लवकर शिकला नाही, तर मार्च आपोआप येईल." एवढं बोलून तो खिडकीकडे बघायला लागला.

घरी आल्यावर बायकोने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हातचं राखून शिकवा." मलाझ भागात आम्ही राहायचो, तिथे आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदीच बसायचे असा हुकूम निघाला आणि त्यांचं चांगलं चाललेलं दुकान गेलं, तेव्हापासून ते एका बेकरीचा हिशेब बघत. तेही तेच म्हणाले. "मास्तर, मी माझ्या पोऱ्याला सगळं शिकवलं. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं तेसुद्धा. आता तो माझ्याच काउंटरवर उभा राहून माझ्याशी तसंच बोलतो. थोडं मुठीत ठेवा हो." मी मान डोलावली. डोलवायला काय जातं?

पण माझा स्वभाव आडवा. चुकीचा अंदाज कानावर पडला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. टीव्हीवरच्या बाईने ढग बघून पाऊस म्हटलं की मी घरात बसून तिच्याशी भांडायचो. मुलगी हेडफोन काढून म्हणायची, "बाबा, वो सुन नहीं रही है." तिच्याशी मराठीत बोला, उत्तर हिंदीतच यायचं. असा माणूस हातचं काय राखणार, कपाळ!

मुलगा आला. खमीस मुशैतचा, डोंगरातलाच, लाजरा. मला उस्ताद म्हणायचा. मी ठरवलं होतं की याला नुसते नकाशे दाखवायचे आणि सोडून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "उस्ताद, कॉम्प्युटर म्हणतो लौझच्या माथ्यावर चार अंश. तिथे राहणारा माणूस म्हणतो पाणी गोठलंय. खोटं कोण बोलतंय?" झालं. असा प्रश्न कुणी विचारला की मला राहवत नाही. मी त्याला खुर्ची ओढायला लावली आणि सांगितलं की खोटं कुणीच बोलत नाही. कॉम्प्युटर जमिनीचे मोठमोठे चौकोन करतो आणि चौकोनातल्या चढउतारांची सरासरी काढतो, त्यामुळे त्याचा डोंगर खऱ्यापेक्षा बुटका असतो. तो सांगतो ते तापमान त्या बुटक्या डोंगराचं. खरा माथा जितका वर, त्या मानाने अंश तू कमी करायचे.

मग सगळंच सांगितलं. शून्य अंशाची रेषा एका उंचीवर असते, पण बर्फ तिथेच थांबत नाही, थोडा खाली येतोच. हवा कोरडी असेल तर अजून खाली येतो, कारण पडता पडता तो थोडा वितळतो, सुकतो आणि भोवतालची हवा गार करतो. ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसलं की थंडी वाजते ना, तसं. पण तांबड्या समुद्रावरून दमट हवा येत असेल तर ही युक्ती चालत नाही. दमट हवेत काही सुकत नाही, गारवा मिळत नाही, बर्फाची रेषा वरच अडकते आणि तिच्याखाली नुसता पाऊस. "आणि लौझचं दुखणं वेगळंच आहे," मी म्हटलं. "ढग येतात तेव्हा थंडी पोचलेली नसते. थंडी पोचते तेव्हा ढग निघून गेलेले असतात. दोघांची गाठ पडली तरच बर्फ." तो सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नेमका त्याच्या पुढचा प्रश्न घेऊन यायचा. मला त्याचा राग यायचा आणि ऑफिसला जावंसंही वाटायचं. इतक्या वर्षांत माझं काम कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

त्यालाच एकदा जेवताना मी मुलीच्या परीक्षेचं बोललो. सहज. तो खाता खाता थांबला आणि म्हणाला, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, तुझा यात काय दोष? त्यानंतर काही दिवस त्याने एकही प्रश्न आणला नाही.

डिसेंबर कोरडा गेला. बर्फच नाही तर बर्फाचं पत्रक कुठून येणार? घरात आम्ही दोघंही पाऊस नको, ढग नकोत म्हणत होतो. बायको तर देवापुढे दिवा लावताना आभाळ स्वच्छ ठेव म्हणायची. हवामानाच्या माणसाच्या घरात असलं मागणं! मुलगी दार लावून अभ्यास करत होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या ऑफिसात थोडी कटकट चालू आहे. तिला सगळं कळलेलं होतं, हे नंतर समजलं.

जानेवारीत ढग आणि थंडी, दोघांची गाठ पडायची लक्षणं दिसायला लागली. मॅनेजरने मला बजावलं, "हे पत्रक त्याचं. तू हात लावायचा नाहीस." बुधवारी दुपारी मी माझ्या टेबलावर धुळीचं काम करत बसलो. मुलाने पत्रक लिहिलं, छापलं आणि पाठवण्याआधी रिवाज म्हणून एक प्रत माझ्यापुढे ठेवली. ठेवताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी वाचलं. बर्फ पडणार, हे बरोबर. किती, तेही बरोबर. पण बर्फ पार खाली, डोंगराच्या पायथ्याच्या वादीपर्यंत उतरेल, असं त्याने लिहिलं होतं. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. मंडळाचे तंबू दरवर्षी तिथेच पडायचे, सपाट वाळू आणि वाऱ्याला आडोसा म्हणून. मी नकाशा उघडला. हवा तांबड्या समुद्रावरून येत होती, दमट, चिंब. म्हणजे बर्फ वरच राहणार, खाली पाऊस, आणि कातळावरचा सगळा पाऊस त्याच वादीतून धावणार. पडलेला बर्फ जागच्या जागी पडून राहतो. पाणी राहत नाही.

तिडीक गेली डोक्यात. मी त्याला जिन्यात नेलं आणि झापलं. "गाढवा, दमट हवेत रेषा खाली येते? मागच्याच आठवड्यात काय घसा फोडून सांगितलं तुला?"

तो खाली बघत होता. म्हणाला, "माहीत आहे, उस्ताद."

"माहीत आहे तर मग?"

"एकदा माझं चुकलं, तर ते तुम्हाला मार्चपर्यंत ठेवतील. तुमची मुलगी परीक्षा देईल. स्कीवाले दोन दिवस माझ्यावर चिडतील, चिडू देत. माझं काय जातं?"

इतकी वर्षं मी त्या देशात राहिलो, परवाना ज्यांच्या नावावर असतो ते कफील पाहिले, मॅनेजर पाहिले, माझ्यासाठी कुणी आपलं नाव असं खराब करायला निघालं नव्हतं. तंबूंचं त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. मी वादीचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो भिंतीला टेकला आणि अरबीत काहीतरी पुटपुटला.

मग मी त्याला खुर्चीत बसवलं आणि ते पत्रक त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं. रेषा वर नेली. खाली पाऊस, वादीला पाणी येईल, तंबू वरच्या पठारावर लावावेत. शब्द त्याचेच ठेवले. खाली नाव त्याचं. त्याचा हात पाठवायच्या बटणावर थांबला होता, तेव्हा मीच म्हटलं, "यल्ला, पाठव." चुकीचं पत्रक गेलं नाही, या विचाराने मला त्या क्षणी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

शनिवारी फोटो आले. वर पांढरा माथा, लाल जॅकेटांतली माणसं. खाली वादीत चहाच्या रंगाचं पाणी, आणि पठारावर कोरडे तंबू. डॉक्टरने मुलाला एक भारी घड्याळ पाठवलं. मॅनेजरने पुन्हा चहा मागवला. मी मार्चपर्यंतची मुदत मागितली, बिनपगारी राहतो म्हटलं. तो म्हणाला, रंग त्याच्या हातात नाही. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचा देश सोडायचा, शिक्का बसला. चाचा म्हणाले, पोरीला माझ्याकडे ठेवा. पण तिचा इकामा माझ्या इकाम्याला बांधलेला होता. बापाबरोबर तीही गेली. विमानतळावर तो मुलगा आला होता. घड्याळ घातलेलं नव्हतं. मुलीला खजुराचा डबा दिला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

पुण्यात भावाच्या घरी आम्ही उतरलो. दहावीचं वर्ष गेलं ते गेलंच. मला नोकरी मिळाली नाही, लौझवरच्या बर्फाची इथे कुणाला पडलीय? मुलगी चुलत भावंडांत बसून मराठी बोलायला शिकली. रियाधच्या शाळेचा निकाल लागला त्या दिवशी तिच्या मैत्रिणींचे मार्क एकेक करत तिच्या फोनवर येत होते. ती प्रत्येकीला अभिनंदन लिहीत होती. मला ते बघवेना. मी तिच्याजवळ बसलो आणि त्या बुधवारचं सगळं तिला सांगितलं. जिना, दमट हवा, तंबू. निदान बापाने का असं केलं हे तरी तिला कळावं. माणसं वाचली गं, मी म्हटलं.

तिने फोन उलटा करून ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "पत्रक तसंच जाऊ द्यायचं, आणि तुम्ही त्या डॉक्टरला फोन करून सांगायचं की तंबू वर लावा. माणसंही वाचली असती. त्या दादाचंही चुकलं असतं."

स्वयंपाकघरात बायकोचा चालता हात थांबला होता. पण नवल वाटून ती बाहेर आली नाही, म्हणजे तिला हे आधीच सुचलेलं होतं आणि ती इतके महिने बोलली नव्हती.

"तुमच्याकडे डॉक्टरचा नंबर होता ना?" मुलीने विचारलं.

"होता," मी म्हटलं.