इंग्रजीबाईंच्या घरातला दुसरा माणूस

इंग्रजीबाई हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. गल्लीतल्या निम्म्या पोरांना बाईंनी स्वयंपाकघरात बसवून इंग्रजी शिकवलं. पोरं भराभर परदेशी गेली आणि बाई मात्र आपल्या भाड्याच्या खोलीतच राहिल्या. चाळिशी उलटल्यावर एकदाची त्यांनाही एका परदेशी शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. पगार बरा, विमानाचं तिकीट शाळेचं, राहायला दोन खोल्या फुकट, आजारी पडलं तर दवाखानाही शाळेच्याच खर्चानं. फक्त नोकरी लावून देणाऱ्या एजंटानं जाता जाता बजावलं, की घरात दुसरं कुणी ठेवू नका. कळलं तर नोकरीही जाईल आणि घरही.

आता बाईंच्या घरात दुसरं कुणी म्हणजे त्यांचे वडील. आई कधीच गेलेली, भाऊबहीण नाही, लग्न बाईंनी केलं नव्हतं. म्हाताऱ्याला कुणाच्या गळ्यात घालून जायचं? दुसऱ्या कुणी तिथल्या तिथे एजंटाला विचारून टाकलं असतं. बाईंना तेवढं धाडस झालं नाही. त्यांनी खोली सोडली, भांडीकुंडी शेजाऱ्यांत वाटली, वडिलांना थोडे दिवस त्यांच्याकडेच ठेवलं, नव्या जागी बस्तान बसवलं आणि वडिलांना पाहुण्याच्या परवान्यावर गुपचूप बोलावून घेतलं. परतायला मागे घर असं उरलंच नव्हतं.

आणि लपवायचं तरी कुणाला? बाबांची सगळी हयात भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात गेलेली. त्यांची कुजबुजसुद्धा जिन्यापर्यंत जायची. बाईंनी त्यांना पायमोजे घालून चालायला शिकवलं, शिंक आली की उशीत तोंड खुपसायला शिकवलं. दिवसा नळ सोडायचा नाही, पडदा सरकवायचा नाही. शाळेत बाई मुलांना दिवसभर मोठ्यानं बोला म्हणून दटावत आणि घरी येऊन बापाच्या तोंडावर बोट ठेवत. बरोबरीच्या शिक्षिकांनी चहाला येऊ का म्हणून विचारलं की बाईंचं डोकं दुखायला लागायचं. त्यामुळे नवी बाई भारी शिष्ट आहे, असंही सगळ्यांचं ठरून गेलं. बाई मात्र काळजीनं निम्म्या झाल्या होत्या.

त्यात शाळेनं कळवलं, की घरांना रंग द्यायला पुढच्या आठवड्यात माणसं येणार. जेवताना बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आता तुम्हाला कुठे ठेवू, बाबा?" बाबांनी मान खाली घालून जेवण संपवलं आणि ताट धुऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई वर्गाच्या दारात आला. मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. बाईंच्या इमारतीतून फोन होता, म्हणाला. बाई हातातला खडू तसाच घेऊन निघाल्या.

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. वडील आहेत, मीच लपवले, त्यांचा काही दोष नाही, हवं तर मला काढा, पण जागा बघेपर्यंत तेवढी मुदत द्या. मुख्याध्यापिका फोनवर हात ठेवून ऐकत राहिल्या. मागे एका मास्तरांनी शाळेच्या घरात भाडेकरू भरले होते, तेव्हापासून तो नियम आला, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"वडील म्हणजे काय भाडेकरू?" त्या म्हणाल्या. "शिक्षकांच्या आईवडिलांना राहता यावं म्हणूनच आपण दोन खोल्या देतो. त्यांचा राहायचा परवाना शाळा काढून देईल, दवाखान्याचं कार्डही मिळेल. विचारलं का नाहीत तुम्ही?"

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि स्वतःच्या मूर्खपणाचं हसूही येत होतं. वडिलांना रखवालदारानं बसवून ठेवलंय, एवढंच सांगून मुख्याध्यापिकांनी उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली. बाई जवळजवळ पळतच घरी निघाल्या. बाबांनी नळ सोडला असेल, नाहीतर शिंकले असतील, आणि सापडले असतील, असं त्यांना वाटेत वाटत होतं.

बाबा रखवालदाराच्या खोलीत स्टुलावर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर कपड्यांची पिशवी. हे गृहस्थ फाटकाशी उभं राहून दोन्ही हात पंखांसारखे पसरून विमान दाखवत होते, रखवालदारानं सांगितलं. एकट्या म्हाताऱ्याला असं कसं सोडायचं, म्हणून त्यानं त्यांना बसवून घेतलं आणि शाळेला फोन केला.

बाईंनी बाबांसमोर बसकण मारली आणि मुख्याध्यापिका जे बोलल्या ते सगळं सांगितलं. बाबांनी दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे मी राहिलो तरी तुझी नोकरी जात नाही?"

"नाही जात. पण मला न सांगता निघालात कसे, बाबा?"

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?"

बाईंनी पिशवी त्यांच्या मांडीवरून काढून घेतली आणि दटावल्यासारखं विचारलं, "सकाळी जेवलात तरी का?"

"नाही," बाबा म्हणाले. "माझं ताट तसंच झाकून ठेवलंय. म्हटलं, दमून येशील, एक दिवस तरी आयतं जेवशील."