सप्तसूर्याच्या गादीवर मंदाकिनी काकू

मी भांडकुदळ माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढच्या हकिगतीत माझी बाजू उगाच कोणी घेऊ नये. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या लिमयांच्या घराचा वरचा मजला माझ्याकडे भाड्याने आहे. दोन वर्षांत मी दूधवाल्याशी भांडलो, गल्लीतल्या पार्किंगवरून तिघांशी भांडलो, ऑफिसात तर रोजच भांडतो. घरमालकीण मंदाकिनी काकूंशी मात्र एकदाच भांडलो. ते भांडण एका साम्राज्यासाठी झालं आणि त्यात मी सपाटून हरलो.

काकू मूळच्या सांगलीकडच्या. विमा कचेरीत एकतीस वर्षं नोकरी केली. वसंतराव काका बँकेत अधिकारी, त्यामुळे त्यांची बदली होईल तिथे काकूंनीही अर्ज करून बदली मागून घ्यायची. सोलापूर, भोपाळ आणि शेवटी जयपूर. दोनदा काकूंना बढतीचं पत्र आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते परत केलं, कारण बढती म्हणजे वेगळ्या गावी जाणं, आणि त्या घरात बदलीचा हक्क एकालाच होता. इथल्या मराठी मंडळातही तेच. काका चार वेळा अध्यक्ष झाले, काकू चौदा वर्षं सचिव. त्यांचं नाव अध्यक्षपदासाठी कोणी कधी सुचवलं नाही. त्या अध्यक्ष झाल्या तर सचिवाचं काम कोण करणार, हा प्रश्न सगळ्यांना पडायचा.

आता साम्राज्याकडे वळतो. सावनी नावाची आमची एक मैत्रीण झालाना भागातल्या एका कचेरीत आकडेमोड करते आणि उरलेल्या वेळात आकाशगंगा बनवते. तिने एक खेळ रचला होता, सप्तसूर्य साम्राज्य. सात सूर्य, त्यांच्याभोवती फिरणारे पन्नासेक ग्रह, आणि नुकताच निपुत्रिक वारलेला सम्राट. राजसभेत नऊ जण, म्हणजे आम्ही नऊ खेळाडू; सावनी फक्त खेळ चालवायची. पाच मतं ज्याची, गादी त्याची. मी आरमार गटाचा प्रमुख, म्हणजे साम्राज्यातली सगळी लढाऊ जहाजं माझी. अनिमेष व्यापारी गटाचा. हा जयपुरातच जन्मला आणि वाढला, त्याचं मराठी हिंदीच्या कुबड्या घेऊन चालतं, पण सौदा करायला बसला की त्याला कुठलीच भाषा कमी पडत नाही. सहा जण वेगवेगळ्या ग्रहांचे सुभेदार, ते ज्याच्याकडे झुकतील तो जिंकणार. आणि नववा गट खाणवाल्यांचा, शेवटच्या सूर्यापलीकडच्या एका काळ्या चंद्रावरचा. तो गट कोणालाच नको होता.

दर रविवारी चार वाजता आम्ही काकूंच्या हॉलमध्ये जमायचो, कारण दहा माणसं बसतील असं जेवणाचं टेबल ओळखीत फक्त त्यांच्याकडे होतं. नाक्यावरून कचोऱ्या यायच्या, चहा काकूंचा. खाणवाल्यांचा खेळाडू दुसऱ्याच रविवारी नोकरी बदलून हैदराबादला निघून गेला, तेव्हा सावनीने काकूंनाच ती जागा दिली. आम्हाला वाटलं, बरं झालं, खुर्ची रिकामी राहायला नको.

काकूंनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला, "इतिवृत्त कोण लिहितं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आकाशातल्या राजसभेत कोण काय बोललं हे लिहून ठेवावं, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग मी लिहिते की," काकू म्हणाल्या, आणि रेघांची एक वही घेऊन आल्या. पुढच्या रविवारी खेळ सुरू होण्याआधी त्या उभ्या राहिल्या आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचू लागल्या. दोन मिनिटांतच माझा संयम सुटला. मंडळाच्या सभा मीही पाहिल्या आहेत, त्यातली पळवाट मला ठाऊक होती. मी म्हणालो, "इतिवृत्त वाचले असे समजून कायम करावे." अनिमेष कचोरी खाता खाता म्हणाला, "अनुमोदन." सगळ्यांनी मोबाइलवरून मान न उचलता "मंजूर" म्हटलं. काकूंनी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि वही मिटली. मग दर रविवारी हेच. त्या वही उघडायच्या, मी "वाचले असे समजून" म्हणायचो, त्या वही मिटायच्या.

माझी आणि अनिमेषची खरी चूक हीच. वाचलं असं आम्ही समजलो, पण आत काय लिहिलंय ते समजून घेतलं नाही.

या खेळात ज्याच्या हाती बर्फ, त्याच्या हाती सगळं. सातही सूर्यांखाली पाणी फक्त एकाच ठिकाणी होतं, एका भल्यामोठ्या बर्फाच्या धूमकेतूवर. सम्राट होणारा तो बर्फ कोणत्या सुभेदाराला द्यायचा ते ठरवणार होता. सहाही सुभेदारांचा जीव त्यात अडकलेला. आणि आम्ही नोकरदार माणसं, दर रविवारी कोणी ना कोणी गैरहजर असायचंच. सुभेदारांपैकी ज्ञानदा शाळेत गणित शिकवते, तिचे पेपर तपासण्यात चार रविवार गेले. दुसरा सुभेदार नीरज आईवडिलांना आणायला खातीपुरा स्टेशनवर गेला. मी काय केलं, तर ज्या दिवशी नीरज नाही त्या दिवशी भर सभेत बर्फ ज्ञानदाला देऊन टाकला, आणि ज्ञानदा नाही त्या दिवशी नीरजला. हजर असलेल्यांनी दोन्ही ऐकलं, पण प्रत्येकाला वाटायचं की हा दुसऱ्याला गंडवतोय, मला मात्र चहाच्या वेळी डोळा मारून खरं सांगितलंय. एका बर्फाचे मी चार मालक केले. अनिमेषने तीन केले. काकू आपल्या खुर्चीत बसून लिहीत होत्या.

शेवटचे दोन रविवार उरले असताना, एका सकाळी मी स्कूटर बाहेर काढत होतो, तेव्हा त्यांनी मला फाटकाशी थांबवलं.

"निहार, थांब की जरा. खरं सांग, माझं काही जमेल का?"

"कशाचं काकू?"

"गादीचं."

मी हसलो. म्हणजे हसू फुटलंच. "खाणवाल्यांचं? काकू, तुमचं एक मत आहे."

"एक मत सगळ्यांचंच आहे रे," त्या म्हणाल्या. "मला ते पद हवंय. आजवर किती सभा लिहिल्या मी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, निवड झाली श्रीयुत फलाणे यांची. माझं नाव खाली, सहीपुरतं. पासष्ट पूर्ण झाली, आता खऱ्या सभेत कोण मला निवडणार? तुमच्या त्या आकाशात तरी एकदा मला निवडून यायचंय. हसलास ना? हस. पण हवंय ते हवंय."

मी काहीतरी गोलमाल बोललो आणि निघालो. ऑफिसला पोचेपर्यंत मला माझ्या हसण्याचा राग येत होता, आणि राग आला की मी नेहमी करतो तेच केलं. आपण जिंकायचंच, असं आणखी घट्ट ठरवलं.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी नऊच्या नऊ जण हजर होते. डिसेंबरअखेर खेळ सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं होतं. वसंतराव काका सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. सावनीने जाहीर केलं की आज निवडणूक. काकू उभ्या राहिल्या.

"आधी मागच्या बारा सभांचं इतिवृत्त."

"वाचले असे समजून," मी सवयीने सुरुवात केली.

"अकरा वेळा समजलात. आज ऐका."

इथे माझं डोकं फिरलं. "काकू, हा खेळ आहे, मंडळाची वार्षिक सभा नाही. आम्ही गादीचा निकाल लावायला बसलोय आणि तुम्हाला कागद वाचायचेत. दर वेळी तुमचं हेच. ज्याला खेळता येत नाही त्याने निदान खेळणाऱ्यांना खेळू द्यावं."

काकांनी पेपर खाली घेतला. काकूंचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज कचेरीतल्यासारखा सरळ होता. "मग मताला टाक. वाचावं की नाही."

ज्ञानदाने हात वर केला. "मी चार रविवार नव्हते. मला ऐकायचंय." मग नीरजचा हात, मग एकेक करत सहाही सुभेदारांचे. काकूंनी चष्मा लावला.

त्यांनी ना आवाज चढवला, ना कोणाकडे पाहिलं. सभा क्रमांक तीन, आरमाराचे निहार यांनी बर्फाचा हक्क ज्ञानदा यांना देण्याचे जाहीर केले, नीरज गैरहजर. सभा क्रमांक पाच, निहार यांनी तोच हक्क नीरज यांना देण्याचे जाहीर केले, ज्ञानदा गैरहजर. सभा क्रमांक सहा, व्यापारी गटाचे अनिमेष यांनी तोच हक्क ज्ञानदा यांना देऊ केला. सातवी सभा, नववी सभा, दहावी सभा. प्रत्येक सभेखाली माझी आणि अनिमेषची सही. आठव्या सभेत त्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं: "सदस्या मंदाकिनी यांनी फोडणी करपेल म्हणून उठताना आपले खाणींचे पत्ते उघडे ठेवले, ते इतरांनी पाहिले, त्यामुळे खाणवाल्यांच्या दोन खाणी गेल्या. चूक सर्वस्वी त्यांची."

वाचन संपलं तेव्हा ज्ञानदा माझ्याकडे पाहत होती. चौथीतल्या पोराने उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिलं की ती असंच पाहत असणार.

"मतलब काकू," अनिमेष चाचरत म्हणाला, "आपण जे जे बोललो ते सगळं तुम्ही लिहिलं?"

"सभेत बोललेलं लिहायचंच असतं," काकू म्हणाल्या.

पुढची दहा मिनिटं नुसता गोंधळ. सहाही सुभेदार माझ्यावर आणि अनिमेषवर तुटून पडले, आणि मी अनिमेषवर. शेवटी सावनीने टेबल वाजवलं आणि विचारलं, उमेदवार कोण? माझ्या बाजूने एकही हात येणार नव्हता, एवढं मला कळत होतं. अनिमेषने हिंमत करून आपलं नाव दिलं. सुभेदारांतला त्याचा एक जिवलग मित्र सूचक झाला, अनुमोदन अनिमेषने स्वतःच दिलं. नियमात तेही बसत होतं.

तेव्हा सोफ्यावरून काका बोलले. मनात वाईट काही नव्हतं, चौदा वर्षांची सवय बोलली. "अगं, होऊ दे की अनिमेषला. तरुण मुलगा आहे. तू आहेसच सचिव, तू सांभाळून घेशील."

काकू टेबलाची कड धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या बसतील आणि निवड झाली श्रीयुत अनिमेष यांची असं लिहितील.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी उभी आहे. बर्फाचं सांगते. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याला पाळी असते. आज याच्या शेतात, परवा त्याच्या. कोणाच्या बापाचं पाणी नसतं. तशी बर्फाला पाळी लागेल. सहा सुभे, सहा पाळ्या, आणि पाळीचा कागद सगळ्यांसमोर लागेल. मला सूचक हवा."

"मी," ज्ञानदा म्हणाली.

"अनुमोदक?" सावनीने विचारलं.

नीरजने हात उचलायला घेतला होता, पण त्याच्याआधी माझा वर गेला. का गेला ते सांगतो. मी उद्धटपणे बोललो होतो आणि मला त्याची लाज वाटत होती, हे एक. पण खरं कारण आठव्या सभेची ती ओळ होती. जी बाई स्वतःची चूक इतक्या सरळ लिहिते, तिच्या हाती माझं सगळं आरमार देऊन मी निवांत झोपू शकलो असतो. अनिमेषच्या हाती दिलं असतं तर त्याने ते पुढच्या रविवारी विकलं असतं, आणि माझ्या हाती राहिलं असतं तर काय झालं असतं ते नुकतंच सगळ्यांनी ऐकलं होतं.

मतदान हात वर करून झालं. अनिमेषला दोन, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. काकूंना सात. एवढं बहुमत सप्तसूर्य साम्राज्यात कोणी मागितलंही नव्हतं. ज्ञानदाने टाळ्यांना सुरुवात केली, सगळे उभे राहिले, अनिमेषही राहिला, कारण तो लबाड असला तरी खिलाडू आहे. सावनी म्हणाली, "सम्राज्ञींनी दोन शब्द बोलावेत."

काकूंनी घसा खाकरला. "माझी पात्रता नसताना, आपणा सर्वांच्या आग्रहाखातर मी हे पद," इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. काकांची अध्यक्षपदाची चारही भाषणं त्यांनीच लिहून दिली होती, त्यामुळे ते वाक्य आपोआप तोंडात आलं असावं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे खोटं आहे. आग्रह कोणीच केला नाही, मी मागितलं. आणि पात्रतेचं म्हणाल तर ती माझ्यात आहे. तीस वर्षांपूर्वीही होती. मला ही गादी हवी होती, ती मला मिळाली, आणि मला फार फार आनंद झालाय."

काका सोफ्यावरून उठले. टेबलाच्या टोकाची हातांची खुर्ची त्यांची असायची, त्यांनी ती मागे ओढून धरली. काकूंनी पदर सावरला, त्यांचे आभार न मानता त्या खुर्चीत बसल्या, आणि सातही सूर्यांच्या बर्फाची पहिली पाळी नीरजच्या नावे लावली.