शिरपूरला राहिलेली मुलगी

माझ्या वडिलांची आजी मूळची कुठली, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ती आमच्या वाशीमकडच्या शिरपूरची लेक म्हणून मेडशीत नांदायला आली. पण ती शिरपूरला जन्मली नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

वडिलांनी ऐकलेली गोष्ट अशी. शिरपूरच्या जैन मंदिराच्या दर्शनाला परमुलखातून एक मोठा संघ आला होता आणि त्याच्यासोबत सहा-सात वर्षांची ही पोर होती. मुक्कामातच पटकीची साथ लागली. माणसं मरू लागली तशी संघानं घाईघाईत गाड्या जुंपल्या आणि जागा सोडली. त्यानंतर मळ्यात भाजी तोडायला गेलेल्या एका बाईला ही पोर वांग्याच्या वाफ्यात पडलेली दिसली. हातपाय गार होते, पण श्वास चालू होता. त्या दिवसांत आजारी माणसाला शिवायला लोक भीत होते. त्या बाईनं तिला उचललं, मळ्यातल्या खोपीत निजवलं आणि चमच्या-चमच्यानं पेज पाजून वाचवलं.

पोर बरी झाली, बोलू लागली, पण तिची भाषा कोणाला कळेना. तिला शोधायला कोणी आलं नाही. त्या बाईला सगळे मुलगेच होते. तिनं हिला लेक म्हणून वाढवलं आणि वयात आल्यावर आमच्या घरी दिली. शिरपूरचं ते घर म्हणजे आजीचं माहेर. ती गेल्यावरही त्यांनी नातं सोडलं नाही. आजही आमच्याकडे लग्न निघालं की पहिला आहेर शिरपूरहून येतो.

संघात गुजराती यात्रेकरू जास्त असावेत, असा लोकांचा अंदाज. म्हणून मेडशीत आजीला ‘गुजरातीण’ म्हणत. आम्हालाही तेच खरं वाटे. वरणात कोणी गूळ जास्त घातला की माझे काका म्हणत, “गुजरातचं रक्त हाय, गोड लागनारच.”

वडिलांना मात्र एक गोष्ट सलत होती. आजी गेली तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि तिच्या उशाशी तेच बसत. शेवटच्या आजारपणात ती मराठी बोलेनाशी झाली होती. सारखी ‘मनी, मनी’ म्हणे, आणि पुढे आणखी काहीतरी. घरच्यांना वाटलं, मांजर मागते. शेजारचं पांढरं मांजर आणून तिच्या पायाशी बसवलं. तिनं मान हलवली. मग कोणी म्हणालं, गळ्यातले मणी मागत असेल. तिची काळी पोत तिच्या हातात दिली. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुन्हा तेच म्हणू लागली.

“साऱ्या जन्मात बुढीनं कोनाले काई मांगलं नाई,” वडील मला म्हणाले. “शेवटी एक गोष्ट मांगून राह्यली होती, थेही आमाले समजली नाई.”

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते. मी वाशीमला शाळेत शिकवते. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी फार कमी वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी ठरवलं, शोधून तर पाहू.

आधी मी जुन्या नोंदींकडे वळले. आमच्याकडे गावच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे, आणि जुनी पानं मोडीत असतात. अर्ज केला, अभिलेख कक्षात चकरा मारल्या, मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ मिळाले. शिरपूरच्या पानांवर एका हंगामात पटकीनं गेलेल्यांची नावं एकाखाली एक लिहिलेली होती. त्यांत एका ठिकाणी ते गृहस्थ थांबले आणि त्यांनी वाचलं, “यात्रेकरू बाई. नाव ठाऊक नाही.”

ही तिची आई असेल का? असेलही, नसेलही. त्यापुढे कागद काही बोलत नव्हते. पण मी ती ओळ वडिलांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ हात जोडून बसले.

माझी भाची हैदराबादला एका प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीला आली तेव्हा ती डीएनए तपासणीचा डबा घेऊन आली. त्यात एक नळी होती. नळीत लाळ भरून पाठवायची. त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. वडिलांना तंबाखूचा खर्रा तोंडातून काढायला लावला, त्याचा त्यांना राग आला.

“थुका मांगून राह्यली पोरगी! थुक्यातून गाव कसं समजंन?”

“समजते, आबा. तुमच्या आजीचा थोडा अंश तुमच्यात हाय ना? तोच दुसऱ्या कोनात सापडते का, थे पायतेत.”

“मंग रक्त घे ना. थुका कायले?” असं म्हणत म्हणत त्यांनी नळी भरून दिली.

अहवाल आला त्यात गुजरातचा मागमूस नव्हता. काकांना मी फोन केला तर ते म्हणाले, “मंग गूळ कोनाचा होता?” पण खरी गोष्ट पुढच्या पानावर होती. ज्यांनी तपासणी केलेली आहे अशा लोकांपैकी तुमचे जवळचे कोण, याची तिथे नावं असतात. बहुतेक सगळे फार दूरचे. एकच गृहस्थ जवळचे निघाले, कर्नाटकात बागलकोटकडचे, वयानं वडिलांएवढेच. भाचीनं मला समजावलं, “इतका अंश जुळतो म्हणजे आबांची आजी आणि यांचे आजोबा सख्खी भावंडं असावीत.”

त्या गृहस्थांचा सगळा पत्रव्यवहार त्यांची नात पाहत होती. ती बंगळूरला डॉक्टर आहे. भाचीनं तिला चार ओळी लिहिल्या. आमच्या घरातली एक आजी लहानपणी हरवलेली होती, एवढंच सांगितलं. गाव लिहिलं नव्हतं. उत्तर आलं त्यात एकच प्रश्न होता. “शिरपूर?”

भाचीनं ते मला पाठवलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. तिथूनच वडिलांना फोन लावला.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही मेडशीच्या घरी ओसरीवर बसून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पांढरा पटका बांधलेले एक आजोबा होते. नाक थेट वडिलांचं. ते कानडीत सांगत, नात हिंदीत सांगे आणि मी वडिलांना सांगे.

त्यांच्या आजोबांचे आई-वडील एका यात्रेच्या संघात स्वयंपाकाच्या कामाला गेले होते. सोबत मुलगा आणि धाकटी मुलगी. मुक्कामात साथ आली आणि आई गेली. बाप शुद्धीवर नव्हता, त्याला गाडीत घातलं. मुलगीही गेली, असं त्याला वाटेत सांगितलं. सांगणाऱ्यांना तसं खरंच वाटलं होतं, का त्यांना आजारी पोर सोबत नको होती, हे आता कोण सांगणार? बाप घरी पोचला, पण फार दिवस जगला नाही. मुलाच्या मनात मात्र ते कधी बसलं नाही. गाड्या निघताना त्यानं बहिणीचं रडणं ऐकलं होतं. तरणा झाल्यावर तो शोधायला निघाला. त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, देऊळ आणि ‘शिरपूर’ हे नाव. वाटेत त्यानं लोकांना विचारलं. लोकांनी त्याला खान्देशातल्या शिरपूरला पाठवलं. तिथे तो दारोदार हिंडला आणि परत गेला. नंतर पुन्हा एकदा गेला, तेही तिथेच.

हे ऐकल्यावर वडील हळूच म्हणाले, “दुसरंही शिरपूर हाय, हे त्याले कोनी सांगाले पायजे होतं.”

मग मी विचारायचं होतं ते विचारलं. ‘मनी’ म्हणजे काय?

पलीकडे आजोबांनी नातीकडे पाहिलं. “मनी म्हणजे घर,” ती म्हणाली. “आमच्या भागात घराला मनी म्हणतात. आणखी काही म्हणायच्या का त्या?”

वडिलांनी डोळे मिटले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कानावर पडलेलं ते अडखळत म्हणाले, “मनीगे… होगो… होगोन.”

आजोबांनी तोंडावर हात ठेवला. मग स्वतःच मोडक्या हिंदीत म्हणाले, “घर जायेंगे। चलो, घर जायेंगे।”

वडील रडतील असं मला वाटलं होतं. ते रडले नाहीत. त्यांचा चेहरा मोकळा झाला. “मंग बरं झालं,” ते म्हणाले. “मले वाटे, तिले काई दुखून राह्यलं. थे घरी जायाचं म्हनत होती. लहानपनी जाता आलं नाई, शेवटी तरी गेली असंन.”

आजोबांनी तिच्या आईचं नावही सांगितलं. सरकारी कागदात ज्या बाईला नाव नाही, ती बहुधा हीच. आता वडील रोज सकाळी देवाला फूल वाहताना ते नाव घेतात.

तूर काढून झाल्यावर आजोबा आणि त्यांची नात आमच्याकडे आले. वाशीम स्टेशनवर दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून नुसते उभे होते. भाषा येत नाही म्हटल्यावर करणार काय? घरी ज्वारीची भाकर वाढली तर आजोबांनी ती ओळखीच्या माणसासारखी थोपटली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मला त्या घरी न्या.

शिरपूरच्या घरात आता जी मामी आहे, ती त्या मळेवाल्या बाईच्या नातसुनेची सून. साठीची आहे, अजून पहाटे मळ्यात जाते आणि आठवडी बाजारात स्वतः भाजी विकते. अंगणात शिरल्यावर कोणाला काही कळायच्या आत आजोबांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

“अवो बाप्पा, असं नका करू! तुमी मोठे हा!” मामी मागे सरली.

आजोबांनी पिशवीतून एक खण काढला. लाल काठाचा, त्यांच्याकडच्या मागावर विणलेला. नात म्हणाली, “आमच्या घरी मुलीचं लग्न असलं की एक खण बाजूला काढतात, शिरपूरला राहिलेल्या मुलीसाठी. आजोबांच्या आजोबांनी सुरू केलं. नंतर तो कोणातरी गरजू मुलीला देतो. या वेळचा खण, आजोबा म्हणाले, ज्यांनी तिला वाढवलं त्यांना द्यायचा.”

मामीनं पदर पुढे करून खण घेतला. ती म्हणाली, “आमच्या घरी लेक नव्हती म्हनतेत. सारे पोरंच. तुमच्या घरची आली, म्हनून ह्या घराले भाऊबीज भेटली. पाया तर मीच पडाले पायजे.”

मी बाजूला उभी राहून ऐकत होते. डीएनएच्या अहवालात आमचे किती दूरदूरचे लोक आहेत. त्या मळेवाल्या बाईचा त्यात एक कणही नाही. तिचा आमच्याशी रक्ताचा काही संबंधच नाही. तरी ती भाजी तोडायला जरा उशिरा गेली असती, किंवा इतरांसारखी भिऊन दुसऱ्या वाफ्याकडे वळली असती, तर माझे आजोबा, वडील, मी, भाची, कोणीच नसतो. तिचं नाव आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. इतकं रोजचं होतं की त्याचं कधी काही वाटलं नाही.

मामीनं सगळ्यांना मळा दाखवला. संघ कुठे उतरला होता, खोपी कुठे होती, हे तिनं सासूकडून ऐकलं होतं तसं सांगितलं. आजोबा प्रत्येक जागी थांबले. निघताना त्यांनी सगळ्यांना बागलकोटला यायचं आमंत्रण दिलं. धाकट्या नातीचं लग्न आहे, शिरपूरच्या घरानं आलंच पाहिजे, नाहीतर ते जेवणार नाहीत.

आता तिकिटं काढून झाली आहेत. वडील दर रविवारी फोनवर आजोबांशी बोलतात. एकमेकांचं निम्मं समजत नाही, तरी बराच वेळ चालतं. काल मामीचा मला फोन आला होता.

“अवं बाई, गाडीत वांगे नेले तर चालते का? लगनाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जाऊ?”

मी म्हटलं, “मामी, एवढ्या लांब वांगी टिकतील का?”

“न टिकाले काय झालं? सकाळीच तोडते अन् ओल्या फडक्यात बांधते. तू फक्त मले खिडकीपाशी जागा पाय.”