वासूबाबचा उजवा पाय

वासूबाबची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा पाय तुडवला म्हणून. साखळीहून पणजीला जाणारी सकाळची बस. मी उजव्या बाजूच्या खिडकीशी, शेजारी एक रुंद खांद्यांचा, सावळा गृहस्थ. पहिल्याच वळणावर त्याने माझ्या डाव्या चपलेवर आपला उजवा पाय दाबला. चुकून झालं असेल, म्हटलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्याला तर समोरून म्हैस आली आणि माझा अंगठा पार चपटा झाला.

गोव्यात गावच्या जत्रेला गावकऱ्यांनीच मराठी नाटक करायचं अशी रीत आहे. त्या रीतीने मी पंचवीस वर्षं राजे रंगवत आलोय. त्याच राजाच्या आवाजात मी म्हणालो, "अहो, हा पाय माझा आहे."

गृहस्थांनी खाली वाकून नीट पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमचोच असतलो. पण तो माझ्या ब्रेकाच्या जाग्यार इलो कसो?"

पणजी येईपर्यंत त्यांनी आणखी अकरा वेळा ब्रेक दाबला. मी चप्पल काढून घेतली नाही. इतकं मनापासून कुणी माझी गाडी आवरत नव्हतं.

नाव वासुदेव. मूळ गाव दोडामार्गच्या पलीकडे, सिंधुदुर्गात. विशीत मुळगावला आले आणि सत्तावीस वर्षं खाणीचे टिपर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, चालवले. खाणी बंद पडल्यावर साखळीत एका हार्डवेअरच्या दुकानात माल उतरवून घ्यायचं काम धरलं. दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर होतं, म्हणून रोज गाठ पडायची. आम्ही गोव्यातली माणसं सगळ्यांना 'बाब' जोडतो, तसे ते माझे वासूबाब झाले, आणि मी त्यांचा मास्तर. माझी नाटकं ते पुढच्या खुर्चीवर बसून पाहत आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या गोण्यांवर बसून निकाल देत.

"मास्तर, तुमचो राजा मरता बरो. पण मरताना भुवई कित्याक वर करता? तुमी खोटां बोलूक लागलात काय उजवी भुवई वर जाता. पोरांका कळला तर तुमचा काय खरा नाय."

घरी येऊन आरशासमोर खोटं बोलून पाहिलं. जात होती.

एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मास्तर, मी एका चाकार सायकल चालवूक शिकतंय." पोरं व्हीली मारतात, पुढचं चाक हवेत उचलून मागच्या एकाच चाकावर जातात, ते त्यांना शिकायचं होतं. वय चोपन्न.

"कशाला?"

"पुढचा चाक फुकट झिजता म्हणान."

यावर शहाण्या माणसाने निघून जायला हवं होतं. मी विचारलं, "कधीपासून?" माझं वय अठ्ठेचाळीस.

मुळगावच्या वर, जिथे पूर्वी खनिजाचे ढीग घालत, ती जागा आता मोकळी पडली आहे. सपाट, लाल, चहूकडे गवत. लोक तिला अजून प्लॉटच म्हणतात. रविवारी सकाळी तिथे पोचलो तर वासूबाब मुलीची जुनी, जांभळी, शाळेत जायची सायकल घेऊन उभे. पुढची टोपली काढलेली. आणि कमरेच्या मागे, बायकोच्या साडीच्या काठाने करकचून बांधलेली, एक उशी.

"हसा, हसा," ते म्हणाले. "दुसरी उशी तुमच्यासाठी हाडलंय."

शिकवणं सगळं टिपरच्या भाषेत. "माल मागे घेवा! तोंड हलका करा! भरलेली गाडी चढणीर कशी तोंड उचलता, तशी!" म्हणजे ढुंगण सीटच्या मागच्या टोकावर सरकवायचं, हात सरळ ताणायचे आणि पेडल मारता मारता हँडल ओढायचं. चाक उचललं जातं. उचललेलं चाक जास्तच वर जाऊ लागलं की डाव्या हाताने मागचा ब्रेक हलकेच दाबायचा. पुढचं चाक आपोआप खाली येतं. सगळी विद्या एवढीच. ती त्यांना मोबाईलवरच्या कुठल्याशा पोराने दिली होती आणि त्यांनी ती मला दिली.

पण स्वतः वासूबाब मात्र दर वेळी मागे पडत. चाक उचलत सुरेख, माझ्याहून कितीतरी सुरेख. मग ते जरा जास्त वर गेलं की धप्प! उशीसकट लाल मातीत. चार रविवार गेल्यावर मला उलगडा झाला. घाबरले की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. टिपरात तो बरोबर असेल; सायकलीवर उजव्या पायाखाली पेडल असतं. दाबलं की चाक आणखी वर.

"हात, वासूबाब! हात!" मी ओरडायचो.

"हात खंय आसा?" मातीतून उत्तर यायचं. "हात गियरार आसा!"

मधल्या काळात मी माझं मनगट मोडून घेतलं. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तालमीत तलवारयुद्ध झालं. मुख्याध्यापकांना सांगितलं, न्हाणीघरात घसरलो. बायको फक्त माझ्या उजव्या भुवईकडे बघत राहिली.

प्लास्टर निघालं त्या रविवारी वासूबाब पडले आणि उठलेच नाहीत. लागलं म्हणून मी धावत गेलो. ते मातीत बसून आपल्या उजव्या पायाकडे पाहत होते.

"मास्तर, चाकाचा सोडा. माका ह्या पायाक शिकवचा आसा."

मग पहिल्यांदा दिनूचं नाव ऐकलं. धाकटा सख्खा भाऊ. वासूबाबच्याच टिपरवर क्लीनर. एकवीस वर्षांपूर्वी एकदा भरलेली गाडी नदीवरच्या जेटीकडे उतारावरून जात होती. वळण आलं, वासूबाबनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. खाली काहीच नव्हतं. "दिनू, उतर, उडी मार," ते ओरडले. तो म्हणाला, "तू आसस मां दादा," आणि बसून राहिला. खाली दरी होती म्हणून त्यांनी गाडी डोंगराच्या अंगावर घातली. डावी बाजू आपटली. दिनू डावीकडे बसला होता.

"सगळे म्हणतत, ब्रेक फेल. म्हणतत, तू काय करतलस. पण माका ठावक नाय, मास्तर. मी उशिरा दाबलंय काय? पायाक वाटता, उशिरा दाबलंय. म्हणान तो मेलो पाय अजून दाबता. बसीत दाबता, खुर्चेर दाबता, निजेत दाबता."

एवढ्यात वासूबाबची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, किटलीतून चहा आणि पाववाल्या पोदेराकडचे गरम उंडे घेऊन वर आल्या. त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि काय बोलणं झालं ते ओळखलं. पातळ वीतभर वर करून पोटरी दाखवली. निळे, पिवळे, हिरवे डाग.

"भावोजी, ह्यांका काय ता शिकवा बाबा. एकवीस वर्सां मी ह्यांचो ब्रेक आसंय."

वासूबाब हसले. वहिनीही हसल्या. मी उंडा तोंडात कोंबला.

त्यानंतर मी शिकणारा राहिलो नाही. सायकलीच्या बाजूने धावणारा झालो. "पाय मेला! हात जिवंत!" असं बोंबलत अख्खा प्लॉट धावायचो. गुरं राखायला आलेल्या बायका गुरं लांब नेत. पावसाळा गेला, गवत वाळलं. आणि एका रविवारी जांभळ्या सायकलीचं तोंड उचललं, वर गेलं, आणखी वर गेलं, आता पडणार इतकं वर गेलं. मी पाहिलं: उजवा पाय पेडलवर सैल झाला, डाव्या हाताची दोन बोटं मिटली, आणि पुढचं चाक, पाळण्यात मूल ठेवावं तसं, जमिनीवर आलं.

मी टाळी वाजवली नाही. वासूबाब सायकल धरून उभे होते, पायाकडे बघत.

"आयकल्यान मेल्यान," ते म्हणाले. एवढंच.

खरी परीक्षा पुढे होती. वासूबाबच्या, पेडण्यात केरीला दिलेल्या मुलीला मुलगा झाला. बारशाला आम्ही दोघे आणि वहिनी बसने निघालो. मी मुद्दाम उजवीकडची खिडकी धरली, वासूबाबना शेजारी बसवलं आणि डावी चप्पल हळूच त्यांच्या पायापुढे सरकवून ठेवली. वळणं आली, म्हशी आल्या, एक टँकर अंगावर आला. पाय हलला नाही. पलीकडच्या सीटवर वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर बघत होत्या. केरीला उतरताना वासूबाब म्हणाले, "मास्तर, ती चप्पल आता थंयसून काढा. साखळेसून बघतंय."

बारशाच्या जेवणानंतर समुद्रावर गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट होती. जावयाच्या सायकलवर चोपन्न वर्षांच्या आजोबांनी मासे सुकवणाऱ्या बायकांसमोर व्हीली मारली. मीही मारली. माझी जेमतेम तीन पेडलांची. त्यांची मात्र एका होडीपासून दुसऱ्या होडीपर्यंत. परत येताना बसमध्ये ते झोपले. माझ्या खांद्यावर डोकं टाकून, पाय सैल सोडून.

मला वाटलं, गोष्ट इथेच संपली. नाटकात मी इथेच पडदा पाडला असता.

वर्ष सरायच्या आत पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, यायला उशीर केला. ही एक गोष्ट वासूबाबना सांगायला नको होती. ते बाहेर येऊन म्हणाले, "आयकलात, मास्तर? हय पण उशीर." मी काहीतरी विनोद केला. कुणी हसलं नाही.

शेवटी शेवटी त्यांना घरीच आणलं होतं. मी शाळा सुटली की मुळगावला जायचो. त्या दुपारी गेलो तर वहिनी पायथ्याशी बसलेल्या. पाय पुन्हा सुरू झाला होता. डोळे मिटलेले, सगळा देह विझत आलेला, आणि तो एक उजवा पाय खाटेच्या दांडीला रेटत होता, रेटत होता. टाच सोलली होती. वहिनींनी मध्ये उशी लावली होती. लाल मातीचे डाग अजून गेले नव्हते, त्यावरून मी ओळखली.

"सकाळधरून असांच," वहिनी म्हणाल्या.

वासूबाबचे ओठ हलले. "दिनू. उतर. उडी मार, दिनू."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचवीस वर्षं राजे केले आहेत, रंग फासून, मुकुट घालून, पानपानभर भाषणं ठोकली आहेत. मी खाली वाकलो आणि ज्या पोराला मी कधी पाहिलं नव्हतं त्याच्या बोलीत म्हणालो, "मी बरो आसंय, दादा. ब्रेक लागलो. पाय सोड आता."

पाय थांबला. पण सुटला नाही.

"वेळार?" त्यांनी विचारलं.

"वेळार, दादा."

त्यांनी डोळे किलकिले केले. क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा वरच्या बाजूला. ओठांचा कोपरा हलला. ते हसू दिनूसाठी होतं की माझ्या भुवईसाठी, मला कळलं नाही, कधी कळणारही नाही. मग डोळे मिटले आणि पाय सैल होऊन एका बाजूला कलला. वहिनींनी उशी हळूच काढून घेतली आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

जांभळी सायकल वहिनींनी मला दिली. रविवारी मी प्लॉटवर जातो. तीन पेडलांच्या पुढे अजून सरकलेलो नाही. बाजूने धावायला कुणी नाही. आणि पणजीच्या बसमध्ये उजवीकडची खिडकी मिळाली की मी डावी चप्पल थोडी पुढे सरकवून ठेवतो. शेजारी बसणारी माणसं फार सभ्य असतात. आपले पाय जपून बाजूला घेतात.