चौतिसाव्या मजल्याची वास्तुशांत

तंजावरच्या मेल वीदी या रस्त्यावर राहणारे शेषाद्री वाध्यार कधी शास्त्रावर अडून बसले, असं कुणी सांगितलं तर त्याला खुशाल वेड्यात काढावं. वाध्यार म्हणजे भटजी. तंजावरात मराठी बोलणारी जी घरं अजून टिकून आहेत, त्यांच्या मुंजी, लग्नं, बारशी, श्राद्धं सगळी यांच्याच हातची. आणि ज्याची जी अडचण, तिच्यापुरती शास्त्रातून वाट काढून देणं ही यांची खरी विद्या. यजमानाला ऑफिस गाठायचंय? संकल्प सोडा आणि निघा, पुढचं आम्ही बघतो. मुलगा अमेरिकेत आहे, श्राद्धाला येऊ शकत नाही? तिथूनच फोनवर तीळ सोडू द्या, पितरांना व्हिसा लागत नाही. सुनेला उपास झेपत नाही? कॉफी हे पेय आहे, त्याला अन्न कोण म्हणतं? अशा माणसाला यजमानांची कमी कशी पडेल?

मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला पाच-पाच मजली इमारती उठल्या तेव्हा तर त्यांची चांदीच झाली. गृहप्रवेशाला गाय-वासरू हवं आणि गाय काही लिफ्टमध्ये मावत नाही. दुसऱ्या एका वाध्यारांनी वासराला एकट्याला जिन्यावरून चढवून पाहिलं होतं; ते तिसऱ्या मजल्यावर बसलं ते संध्याकाळपर्यंत उठलं नाही. शेषाद्रींनी शांतपणे निर्णय दिला की वास्तू म्हणजे भूमी, भूमी असते खाली, तेव्हा गाय खाली पार्किंगमध्येच फिरवावी. त्याच न्यायानं होमही तिथेच, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत. शेवटी तीर्थाचा तांब्या घेऊन यजमानानं सपत्नीक वर जावं आणि घरभर शिंपडावं. वाध्यार स्वतः वर जात नसत. लोक म्हणत, किती हो यांचं बारीक शास्त्र.

शास्त्र कसलं आणि काय! या माणसाला उंचीचं भयंकर भय होतं. शाळेत असताना मास्तरांनी राजवाड्याच्या मनोऱ्यावर नेलं, तेव्हा हे तिसऱ्या मजल्यावर खांबाला मिठी मारून बसले होते आणि मग एकेक पायरी बुडावर घसरत खाली आले होते. सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून माडीवर पापड वाळत घालायलासुद्धा ते कधी गेले नाहीत. हे माहीत होतं फक्त त्यांच्या बायकोला, कामाक्षीबाईंना. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,’ असं त्या मनात म्हणत आणि पापड स्वतः वर नेत.

आता दैवाची चेष्टा बघा. अशा माणसाची एकुलती एक मुलगी इंजिनीयर झाली, टोकियोला गेली आणि तिथे उंच इमारती बांधणाऱ्या कंपनीत लागली. इमारतीच्या पायात आणि भिंतींत जे अवजड रबर नि तेलाचे दट्टे बसवतात, म्हणजे भूकंपात ती डुलते पण पडत नाही, त्यांचं गणित करणं हे कीर्तनाचं काम. शेषाद्रींनी एकदा तिला विचारलं होतं, की ज्या देशात जमीनच धड उभी राहत नाही, तिथे आभाळात घरं बांधायची ही कुठली अक्कल? ती म्हणाली की अप्पा, माणसं फार आणि सपाट जमीन थोडी. आडवं पसरायला जागाच नाही, म्हणून उभं वाढायचं. त्यावर शेषाद्री म्हणाले की मग माणसं कमी करा. हे बोलणारा गृहस्थ दर लग्नात अष्टपुत्रा भव असा आशीर्वाद देत असे.

मग कीर्तनानं आणि तिच्या नवऱ्यानं, सतीशकुमारनं, तिथे घर घेतलं. चौतिसाव्या मजल्यावर. वर तिला सातवा महिना. तिनं फोन केला, की अप्पा, आई, दोघं या. अप्पांनी आपल्या हातानं वास्तुशांत करावी आणि बाळंतपण होईपर्यंत दोघांनी राहावं. तिला हवं होतं ते एवढंच.

शेषाद्रींच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांच्याजवळ शास्त्र होतं. चौतिसाव्या मजल्यावर भूमी नाही. भूमी नाही म्हणजे वास्तुपुरुष नाही. वास्तुपुरुष नाही म्हणजे त्याची शांत कशी करणार? गावभर ज्यांना त्यांनी वाटा काढून दिल्या, त्या लोकांनी हे ऐकलं असतं तर तोंडात बोटं घातली असती. कीर्तना म्हणाली, बरं, पूजा राहू द्या, नुसते या. तर म्हणे पूजा न झालेल्या घरात मी राहू कसा?

त्या दिवशी कामाक्षीबाई पहिल्यांदा स्पष्ट बोलल्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की तुम्ही या न या, मी जाणार. पहिलटकरणीला एकटी सोडणार नाही. आणि पोरीला तुम्ही काय सांगताय ते तिला कळत नाही असं समजू नका. तिला एवढंच कळतंय की सगळ्या तंजावराचा वाध्यार माझा बाप आहे आणि माझ्याच घराला तो नाही म्हणतोय. हे शेषाद्रींना लागलं. रात्री त्यांनी रसम-भात अर्धाच खाल्ला. पण भय काही टोमणा ऐकून पळून जात नाही. शेवटी अर्धी पोळी तर अर्धी पोळी म्हणून ठरलं, की वास्तुशांत फोनवर करायची. भूमीचा प्रश्न अचानक सुटला. मीच भूमीवर बसून मंत्र म्हणेन म्हणजे झालं, असं त्यांनी सांगितलं. कीर्तना बरं म्हणाली, पण त्या ‘बरं’मध्ये काही जीव नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी शेषाद्री सोवळं नेसून पाटावर बसले. समोर स्टुलावर फोन उभा केला होता. तिकडे सतीशनं त्याचा फोन ओट्यावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे शेगडी, कलश आणि दोघं जण दिसत. पूजा छान चालली. अडलं ते दुधापाशी. नव्या घरात दूध उतू जायला हवं, आणि ते पूर्वेकडे गेलं तर फारच उत्तम. पण ती जपानी शेगडी फार शहाणी निघाली. दूध वर आलं रे आलं की टुक टुक करून स्वतःच बंद व्हायची. सतीशनं तीन वेळा लावली, तीन वेळा ती विझली. त्या देशात दूध उतू जाणं हा अपघात समजतात. इकडे मुहूर्त संपत आला. कीर्तनानं पातेलं काठोकाठ भरलं, पुन्हा शेगडी लावली, आणि शेषाद्रींनी वास्तुपुरुषाची प्रार्थना खड्या आवाजात सुरू केली.

तेवढ्यात सतीशच्या खिशातला दुसरा फोन विचित्र ओरडायला लागला. कीर्तनाचा चेहरा बदलला. तिनं सतीशला काहीतरी सांगितलं, दोघं वळले, आणि चित्र हललं. आधी थोडं. मग सगळं घर एका बाजूला गेलं, थांबलं आणि दुसऱ्या बाजूला निघालं. पातेल्यातलं दूध काठावरून ओघळलं आणि ओट्यावर पसरलं. फोन घसरला आणि उताणा पडला. मग शेषाद्रींना दिसत होता फक्त छताचा दिवा, आणि तो झोपाळ्यासारखा झुलत होता. कुठेतरी भांडी पडली. मुलगी दिसत नव्हती.

इकडे तंजावरची जमीन ढिम्म होती. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता. शेषाद्रींची बोबडी वळली. कामाक्षीबाईंनी त्यांचा दंड धरला.

टेबलाखालून कुठूनतरी कीर्तनाचा आवाज आला. तो तिचा रोजचा ठाम आवाज नव्हता. “अप्पा, थांबूं नकां. म्हणत राहा.”

शेषाद्रींनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं झोपेतसुद्धा म्हणता येणारा मंत्र. एक अक्षर आठवेना. डोक्यात नुसता तो दिवा झुलत होता. पोरगी पुन्हा ‘अप्पा’ म्हणाली. मग त्यांच्या जिभेला जे सापडलं ते त्यांनी म्हणायला घेतलं, अगदी वेदाच्या चालीत, जिथे चढायचा तिथे स्वर चढवून, जिथे उतरायचा तिथे उतरवून.

“हळद शंभर ग्राम, कुंकुम शंभर ग्राम. पानें पन्नास, सुपारी पंचवीस. नारळ अकरा, केळीं दोन डझन. तूप अर्धा किलो, तांदूळ पांच किलो. आंब्याचे डहाळे, दर्भाची जुडी. नऊ-पांचचें धोतर एक जोडी.”

संपलं की पुन्हा हळदीपासून. जन्मभर त्यांनी यजमानांना कुठल्याही मंत्राहून जास्त वेळा सांगितलं असेल ते हेच. उंच इमारत एकदा डुलायला लागली की लवकर थांबत नाही. जमीन थांबली तरी ती आपली सावकाश झुलत राहते. शेषाद्री घामानं भिजले, आवाज फाटला, पण नारळ अकराचे बारा झाले नाहीत. कामाक्षीबाईसुद्धा हळू आवाजात त्यांच्यामागून केळीं दोन डझन म्हणत होत्या.

अखेर दिवा थांबला. सतीशनं फोन उचलला. आधी त्याचा पांढरा पडलेला चेहरा दिसला, मग कीर्तनाचा. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. तिनं पोटावर हात ठेवून दाखवलं, सगळं ठीक आहे म्हणून. दोन भांडी आणि एक कुंडी, एवढंच गेलं होतं.

“अप्पा,” ती म्हणाली, “दर्भाचे पाठीमागून धोतर कोणच्या वेदांत येतें?”

ती सांगत गेली. ही इमारत अशीच हलली पाहिजे, हलली म्हणूनच टिकली, हे तिला पाठ आहे. पगारच त्याचा मिळतो. तरी आज ती घाबरली, फार घाबरली. मग हळद-कुंकू ऐकू आलं, आणि आपण लहान आहोत, घराबाहेरच्या ओट्यावर अप्पांच्या शेजारी बसून यजमानांसाठी यादी लिहून घेतोय, असं वाटत राहिलं. मध्ये एकदा तर आपण टेबलाखाली आहोत हेही ती विसरली होती.

सतीशनं मग भीत भीत विचारलं की दूध सांडलंय, तेही नेमकं पूर्वेकडे. झाली ना वास्तुशांत?

शेषाद्रींच्या तोंडात उत्तर तयार होतं. असलं उत्तर त्यांच्या तोंडात नेहमीच तयार असायचं. दूध पूर्वेला गेलं, खुद्द भूमातेनं येऊन पातेलं हलवलं, याहून मोठी वास्तुशांत ती कोणती? हे सांगायचं, आशीर्वाद द्यायचा, फोन ठेवायचा आणि कॉफी प्यायची. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर त्यांनी तेच केलं असतं, आणि त्यात काही वाईटही नव्हतं. त्यांनी स्क्रीनवर मुलीकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत नव्हती. त्यांचं उत्तर काय येणार हे तिनं केव्हाच गृहीत धरलं होतं, आणि ती ओल्या फडक्यानं दूध पुसायला लागली होती.

“नाहीं झाली,” शेषाद्री म्हणाले. “मंत्र राहिला. दूध उकळून नाहीं गेलें. ही कसली पूजा? परत कराला पाह्यजे.”

“सेरि, बरें अप्पा, पुढच्या शुक्रवारीं फोन करतें,” कीर्तना पुसता पुसता म्हणाली.

“फोनावर नकों. मीं येतों.”

कीर्तनाचा हात थांबला. कामाक्षीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू हा कुणी परका माणूस चुकून पाटावर येऊन बसलाय.

“चौतीस मजले अहेत, अप्पा,” मुलगी हळूच म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिलाही अप्पांचं भय बहुधा लहानपणापासून ठाऊक असावं.

शेषाद्रींनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“अहेत तर अहेत,” ते म्हणाले. “तूं तिकडे भितेस, मीं इकडे भितों. एके ठिकाणीं बसून भिऊं.”