जुना वायसर इकडं द्या

गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकच्या कानाशी एक तळहात येऊन थांबायचा. "जुना वायसर इकडं द्या." माझ्या गाडीचं ऑईल बदलायचा कार्यक्रम खरा सुरू व्हायचा तो या वाक्यानं, आणि माझं डोकंही तिथूनच फिरायला लागायचं.

राहात्याच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे चाचा म्हणत. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या समोरच राहायचे. इंजिनच्या तळाला ऑईल सोडायचा प्लग असतो आणि त्या प्लगला ऑईल गळू नये म्हणून बांगडीसारखा एक छोटा वायसर असतो. तुम्हाआम्हाला त्याचा पत्ताही नसतो. चाचांना मात्र गल्लीतल्या प्रत्येक गाडीचा वायसर ही स्वतःच्या घरातली बाब वाटायची. बॉनेट उघडल्याचा आवाज आला की लुंगी सावरत, आपल्या घरची हातोडी घेऊन हजर.

आमचा मेकॅनिक बाळू कुरकुरायचा. "चाचा, दोन-तीन डाव चालतोय ह्योच. समदे वापरत्यात."

"एकदा दबला तो दबला. परत न्हाई दबायचा."

एवढं बोलून ते तो वायसर आमच्या पायरीवर ठेवायचे आणि चेचून टाकायचे. म्हणजे त्यांची पाठ वळल्यावर बाळूनं हळूच तोच बसवायला नको. आपल्या गाडीची वस्तू आपल्याच पायरीवर दुसऱ्यानं चेचावी आणि वर "चहात साखर जरा कमी" असं आत सांगून पाठवावं, हे कसं वाटतं ते ज्याच्या गल्लीत असा माणूस आहे त्यालाच कळेल. तुमच्याही गल्लीत असेल कुणीतरी, वायसरऐवजी पाण्याची टाकी नाहीतर विजेचा बोर्ड घेऊन बसलेला.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी तर त्यांनी कहर केला. आईचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. ताटातली भाजी ती बोटानं चाचपून ओळखायची. नाशिकला दुपारचा नंबर होता आणि तो चुकला तर पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. आदल्या दिवशी येतो म्हणालेला बाळू त्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी उगवला. त्यानं ऑईल सोडलं. चाचांनी तळहात पुढं केला, वायसर घेतला, चेचला. मग बाळूनं पुडीतून नवा काढला, तर तो प्लगवर चढेचना. दुकानदारानं भलत्याच मापाचा दिला होता.

आता ऑईल घमेल्यात, जुन्या वायसरचा चपटा पत्रा झालेला, दुकान उघडायला अजून पुष्कळ अवकाश आणि आई मांडीवर पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसलेली. "निघाली का रं गाडी?" असं ती पुन्हापुन्हा विचारत होती. माझा तोल गेला.

"चाचा, नवा बसेपर्यंत तरी हातोडी आवरायची होती. आईचा हाही डोळा गेला तर तुमचा वायसर बसवू का तिथं?"

ते उठून समोर गेले. त्यांची गाडी माझ्या गाडीच्याच जातीची, पण इतकी जुनी की ती नाशिकपर्यंत पोचेल याची खुद्द त्यांनाही खात्री नव्हती. मी बघतोय तोवर ते तिच्याखाली शिरले. भांडं लावायलाही थांबले नाहीत, सगळं ऑईल त्यांच्या झाडून काढलेल्या अंगणात पसरलं. कोपरापर्यंत माखून परत आले आणि तळहात पुढं केला. त्यावर वायसर होता. जुना, दबलेला.

"लाव," ते बाळूला म्हणाले आणि दुसरीकडं बघत उभे राहिले.

बाळूला हसू फुटत होतं, पण माझा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं प्लग आवळला. नवं ऑईल ओतेपर्यंत चाचा हात धुऊन, पायजमा चढवून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. "मी येतो. जुना वायसर हाय."

तो प्रवास मी विसरणार नाही. "जरा थांबवा." वावीला थांबवा, सिन्नरच्या अलीकडं थांबवा, सिन्नरच्या पलीकडं थांबवा. दर वेळी हा माणूस रस्त्याकडेला पालथा पडून गाडीखाली बघणार, प्लगवरून बोट फिरवणार, बोट पायजम्याला पुसणार आणि म्हणणार, "न्हाई, कोरडा हाय. चला." मी घड्याळ बघून दात खात होतो. आई उलट मलाच म्हणाली, "बघू दे की रं त्यांला." दवाखान्यात पोचलो तेव्हा आतून आईच्याच नावाचा पुकारा चालू होता.

ऑपरेशन चांगलं झालं. येतानाही गाडीतून थेंब गळला नाही. ते मी त्यांना मुद्दाम ऐकवलं.

"आज न्हाई गळला," चाचा म्हणाले. "उद्याचं कुनी सांगितलंय?"

दुसऱ्या दिवशी बरोबर मापाचा वायसर आणून त्यांनी बाळूला सगळं नवं ऑईल स्वच्छ डब्यात काढायला लावलं, प्लगला तो बसवून घेतला आणि ऑईल परत भरायला लावलं. मग स्वतःच्या गाडीचा तो वायसर आमच्या पायरीवर ठेवून जरा जास्तच जोरानं चेचला. मला हसावं की ओरडावं कळेना. त्यांचा राग येणं त्यानंतरही थांबलं नाही. फक्त त्यांना यायला उशीर झाला की बाळूला प्लग खोलू नको म्हणून मीच सांगायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. दुपारच्या नमाजाला निघताना दारातच बसले, ते उठलेच नाहीत.

परवा ऑईल बदलायला काढलं. बाळूनं गाडीखालून सवयीनं हात बाहेर काढला, बोटांत जुना वायसर. हात तसाच राहिला. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिथूनच तिला ते दिसलं.

"त्यानं हात कुनापुढं धरलाय रं?"

मी वायसर घेतला, पायरीवर ठेवला आणि हातोडी आणायला घरात गेलो. माळा बघितला, जिन्याखालची पेटी उपसली. मग आठवलं, आमच्याकडं हातोडी कधी नव्हतीच.